घडांची राखण आणि शिंजिराचे जिणे : नाशिकच्या द्राक्षबागांतील पक्षी-प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षाची काढणी चालते, बागलाण आणि कळवणकडील आगाप, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘अर्ली’, बागा त्याच्याही आधी बाजारात येतात. आणि मण्यांत गोडी भरू लागली की बागेवर उतरणाऱ्या पक्ष्यांना कसे आवरावे हा प्रश्न या संपूर्ण पट्ट्यात दरवर्षी उभा राहतो. एप्रिलमधील खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, विरळणी, फवारण्या आणि मजुरी असा वर्षभराचा खर्च ज्या घडावर झालेला असतो, त्या घडाला काढणीच्या तोंडावर चोच लागली तर तो निर्यातीच्या पेटीत जाऊ शकत नाही, त्यामुळे बागायतदाराची चिंता रास्त आहे आणि या प्रश्नाचा कोणताही विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे.

परंतु बागेत येणारा प्रत्येक पक्षी घडासाठी येत नाही. बांधावरच्या फुलांतील मधुरस आणि वेलीवरचे कोळी यांवर जगणारा, जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा शिंजीर त्याच बागेत वावरतो, तिच्या आसपासच घरटे बांधतो आणि पोपट वा साळुंकीसाठी लावलेल्या जाळीत, चिकट लेपात किंवा विषारी अंशात सर्वांत आधी सापडतो. अमेरिका खंडांत हाच पेच हमिंगबर्डच्या बाबतीत निर्माण होतो. तेथे चेरी, ब्लूबेरी आणि द्राक्षे यांवर धाड घालणाऱ्या पक्ष्यांना रोखताना या इवल्या मधुपायी पक्ष्याला इजा होऊ नये, यासाठी उपायांची निवड करावी लागते. हमिंगबर्ड भारतात आढळत नाही, पण त्याची जागा येथे शिंजिराने घेतलेली आहे, आणि म्हणून उपद्रवी पक्ष्यांना दूर ठेवण्याचे कोणते मार्ग शिंजिराला निर्धोक आहेत हा या आढाव्याचा विषय आहे.

शिंजीर : आपल्याकडचा मधुपायी

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती असून त्या सर्व केवळ अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर सापडतात. शिंजिराच्या, म्हणजेच सूर्यपक्ष्याच्या, सुमारे दीडशे जाती आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग यांत विखुरलेल्या आहेत. या दोन कुळांचा परस्परांशी जवळचा संबंध नाही. लांब बारीक चोच, नळीसारखी जीभ, नराच्या पिसांची धातूसारखी चमक ही त्यांच्यातील साम्ये सारख्या आहारामुळे स्वतंत्रपणे घडून आली, आणि अशा घडणीलाच उत्क्रांतिशास्त्रात अभिसारी उत्क्रांती म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या वंशांतील जीव एकाच प्रकारच्या गरजेपोटी एकमेकांसारखे दिसू लागणे. फरक असा की हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत रस घेतो, तर शिंजीर बहुधा फुलाजवळच्या काडीवर बसून किंवा तिला उलटा लटकून रस पितो आणि क्वचितच तरंगतो. नाशिक परिसरात जांभळा शिंजीर आणि जांभळ्या कमरेचा शिंजीर हे दोन सहज दिसतात, तर विगोर्सचा शिंजीर ही केवळ पश्चिम घाटातच आढळणारी जात आहे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात निळसर-जांभळ्या झळाळीचा काळा दिसतो आणि वीण संपल्यावर मादीसारखा फिका होतो, मात्र त्याच्या गळ्यापासून पोटाकडे जाणारा एक गडद पट्टा उरतो.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने शिंजिराविषयीच्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, त्याचे वजन पाच ते दहा ग्रॅम एवढेच असते आणि शरीरात साठा फारसा नसल्याने त्याला दिवसभर वारंवार अन्न घ्यावे लागते. त्यामुळे जाळीत काही तास अडकणे किंवा आवाजाने पुन्हा पुन्हा उडवले जाणे मोठ्या पक्ष्याला सोसते तसे त्याला सोसत नाही. दुसरी, त्याच्या विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे तो द्राक्षाच्या काढणीशी जुळतो, आणि कोळिष्टके, तंतू, सालपटे यांचे लोंबते घरटे तो झुडपाच्या, वेलीच्या किंवा घराच्या वळचणीच्या आधाराने बांधतो. तिसरी, पिल्लांना तो कोळी आणि मऊ कीटक भरवतो, म्हणून बागेतील कीटकसृष्टी संपली की मधुरस मुबलक असूनही त्याची पिल्ले जगत नाहीत. चौथी, पळस, पांगारा, काटेसावर, धायटी, मुरुडशेंग अशा फुलांवर फिरताना तो परागवहन करतो, म्हणजे एका फुलातील परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवतो. जांभळ्या शिंजिराने क्वचित द्राक्षाचा रस घेतल्याच्याही नोंदी आहेत. मात्र त्याच्या अंगची भूक आणि चोचीची घडण पाहता हे नुकसान नगण्य ठरते, आणि आधीच फुटलेल्या मण्यावर बसलेल्या शिंजिराला तो मणी फोडल्याचा दोष देणे चुकीचे होईल.

उपद्रव : कोणाचा, केव्हा आणि कोठे

द्राक्षाच्या मण्याची वाढ होत असताना तो प्रथम कडक आणि आंबट असतो. नंतर तो मऊ पडतो, अर्धपारदर्शक होतो आणि त्यात साखर चढू लागते. या अवस्थेला बागायतदार मण्यात पाणी उतरणे असे म्हणतात. पक्ष्यांचा त्रास येथून काढणीपर्यंतच्या काही आठवड्यांतच एकवटलेला असतो, आणि हीच या प्रश्नातील सर्वांत उपयोगी वस्तुस्थिती आहे, कारण राखण वर्षभर करावयाची नसून एका मर्यादित काळापुरती करावयाची असते.

कोणत्या पक्ष्याने नुकसान केले हे घडावरच्या खुणांवरून बरेचसे ओळखता येते. साळुंकी, भोरडी, कोकीळ आणि कावळा अखंड मणी तोडून गिळतात, त्यामुळे घडात मोकळे देठ उरतात. पोपट मणी कुरतडतो, थोडा खातो आणि बराच खाली टाकतो. बुलबुल आणि चष्मेवाला मण्याला भोक पाडून रस व गर घेतात. भोक पडलेल्या मण्यातून पाझरणाऱ्या रसावर गांधीलमाश्या, फळमाश्या आणि बुरशी येते व कुज शेजारच्या मण्यांत पसरते, म्हणून खाल्लेल्या मण्यांपेक्षा नासलेल्या मण्यांचे नुकसान अनेकदा अधिक असते. शिवाय वटवाघळेही पिकलेल्या फळांवर रात्री येतात आणि सकाळी त्यांच्या कामाचा दोष पक्ष्यांवर जातो. राखणदार दिवसभर बसूनही नुकसान थांबत नसेल, तर आधी रात्री बाग पाहणे आवश्यक ठरते.

नुकसान बागेत सर्वत्र सारखे होत नाही. मोठी झाडे, विजेच्या तारा किंवा पडीक झुडपे यांना लागून असलेल्या कडेच्या ओळींना ते सर्वाधिक बसते आणि मध्यभागी कमी होत जाते, कारण पक्ष्याला जवळ बसायला सुरक्षित जागा हवी असते. त्याचप्रमाणे सभोवतीच्या बागा कच्च्या असताना एकटीच पिकलेली आगाप बाग, किंवा सर्वांची काढणी उरकल्यावर मागे राहिलेली बाग, परिसरातील साऱ्या थव्यांना आपल्याकडे ओढते. यावरून असे निष्पन्न होते की संपूर्ण बागेवर सारखा खर्च करण्यापेक्षा कडेच्या ओळी, आगाप तुकडे आणि शेवटचे आठवडे यांवर तो केंद्रित करणे शहाणपणाचे आहे, आणि त्यामुळे शिंजिराच्या वावराचा मोठा भाग आपोआप मोकळा राहतो.

शत्रू आणि मित्र यांचा हिशेब

पक्ष्यांना उपद्रवी किंवा उपकारक ठरवण्याचा शास्त्रीय प्रयत्न भारतात शंभर वर्षांहून जुना आहे. सी. डब्ल्यू. मेसन आणि एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी भारतीय पक्ष्यांच्या अन्नावरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. बिहारमधील पुसा येथे पक्ष्यांच्या जठरांतील अन्न तपासून कोणता पक्षी धान्य किती खातो आणि कीटक किती खातो याची नोंद त्यात करण्यात आली होती. पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८०च्या दशकात आर्थिक पक्षीशास्त्राचा, म्हणजे शेतीच्या नफ्या-तोट्याच्या दृष्टीने पक्ष्यांचा अभ्यास करणारा, समन्वित संशोधन प्रकल्प सुरू केला आणि हैदराबाद, लुधियाना, आणंद अशा केंद्रांतून पक्ष्यांना न मारता पीक राखण्याच्या पद्धती तपासल्या. या साऱ्या अभ्यासातून पुढे येणारी गोष्ट अशी की एकच पक्षी ऋतूनुसार आणि पिकानुसार दोन्ही भूमिका करतो.

भोरडी हे याचे ठळक उदाहरण आहे. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येणारी ही गुलाबी मैना जुलै-ऑगस्टपासूनच पश्चिम भारतात दिसू लागते आणि एप्रिलच्या सुमारास परतते. तिचे थवे ज्वारीच्या कणसांवर आणि फळबागांवर उतरतात, म्हणून शेतकऱ्याला ती नकोशी वाटते. तीच भोरडी पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांवर मधुरसासाठी येऊन परागवहन करते, आणि तिच्या विणीच्या प्रदेशात टोळांचा फडशा पाडते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांना आवर घालण्यासाठी तिच्याकरिता मुद्दाम दगडांची घरटी रचली गेली. त्याच चीनमध्ये १९५८ मध्ये चिमण्यांना धान्याचे शत्रू ठरवून त्यांचा सरसकट संहार करण्यात आला, त्यानंतर कीड वाढली, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव त्या मोहिमेतून वगळावे लागले.

नाशिकच्या शेतीत हा विरोधाभास एकाच शिवारात पाहावयास मिळतो. हरभऱ्यातील घाटे अळी पक्ष्यांनी वेचावी म्हणून शेतकरी काठ्यांचे पक्षीथांबे उभारतो, आणि शेजारच्या द्राक्षबागेतून त्याच साळुंकीला हाकलतो; दोन्ही वेळी त्याचे वागणे योग्यच असते, कारण एका ठिकाणी पक्षी त्याचे काम करतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे पीक खातो. धान्य टिपणारी म्हणून एकेकाळी हाकलली गेलेली चिमणी कमी होऊ लागली तेव्हा तिच्या संरक्षणाची हाकही नाशिकमधूनच उठली. मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. म्हणून उपद्रवी हे विशेषण पक्ष्याच्या जातीला न लावता विशिष्ट काळातील विशिष्ट पिकावरच्या त्याच्या वर्तनाला लावणे अधिक अचूक आहे, आणि उपाय निवडतानाही हीच दृष्टी ठेवावी लागते.

आवाजाचे उपाय

माळ्यावर बसून गोफण फिरवणे, डबे वाजवणे, हाकारे घालणे ही राखणीची परंपरा आजही टिकून आहे आणि तिचे बळ असे की राखणदार पाहून, ओळखून, गरजेपुरतेच पक्ष्याला उडवतो. थव्याने आलेल्या भोरड्या त्याला दिसतात आणि वेलीवर कोळी शोधणाऱ्या शिंजिराकडे तो लक्ष देत नाही. मात्र गोफणीतून सुटलेला दगड पक्ष्यावर नेमून मारणे हा राखणीचा भाग नाही. मजुरी महागल्याने या जागी यंत्रे आली. गॅसवर चालणाऱ्या, ठरावीक वेळाने धडाका करणाऱ्या तोफा पहिले काही दिवस परिणामकारक ठरतात, पण पक्षी आवाजाला सरावतात. शास्त्रीय भाषेत याला सवयभाव म्हणतात, म्हणजे ज्या धमकीनंतर प्रत्यक्ष इजा होत नाही तिच्याकडे प्राणी दुर्लक्ष करू लागतो. शिवाय असा आवाज पक्ष्यापक्ष्यांत भेद करत नाही आणि अंड्यांवर बसलेली शिंजिराची मादी त्याने घरटे सोडू शकते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, याच द्राक्षपट्ट्यात असून द्राक्षाचा हंगाम आणि तेथील स्थलांतरित पाणपक्ष्यांचा मुक्काम एकाच वेळी असतो, हेही तेथे विसरता येत नाही. प्लॅस्टिकच्या नळीपासून बनवलेली कार्बाइड गन तर माणसालाच धोक्याची आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

पकडल्या गेलेल्या पक्ष्याची आर्त हाक ध्वनिक्षेपकावरून ऐकवण्याची पद्धत त्या मानाने निवडक आहे, कारण ती हाक मुख्यतः त्याच जातीच्या आणि तिच्या जवळच्या पक्ष्यांना कळते. ती अनियमित वेळाने, जागा बदलत वापरली तर अधिक काळ टिकते. याउलट माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे पक्ष्यांसाठी निरर्थक आहेत, कारण बहुतेक पक्ष्यांची श्रवणमर्यादा दहा किलोहर्ट्झच्या आसपास संपते आणि माणसाला जे ऐकू येत नाही ते त्यांनाही ऐकू येत नाही.

डोळ्यांना दिसणारे उपाय

एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली चकाकती फीत पीळ देऊन ओळींच्या वर ताणली की ती उन्हात लखलखते आणि वाऱ्यात गुणगुणते. १९८०च्या दशकात भारत, बांगलादेश, फिलिपिन्स आणि अमेरिका येथील पिकांवर तिच्या चाचण्या झाल्या आणि भारतीय कृषी संशोधनातही ती पुढे शिफारशीत आली. तिचा परिणाम थव्याने येणाऱ्या पक्ष्यांवर चांगला होतो, पण तो काही आठवड्यांतच ओसरतो, म्हणून मण्यात पाणी उतरण्यापूर्वी ती लावणे म्हणजे तिचे बळ वाया घालवणे होय. शिंजिराला तिच्यापासून फारसा धोका नाही, मात्र काढणीनंतर ती गोळा केली नाही तर तिचे तुकडे शिवारात आणि घरट्यांत जातात.

बुजगावणे एकाच जागी उभे राहिले तर दोन-चार दिवसांत निरुपयोगी ठरते. त्याची जागा आणि कपडे बदलणे, वाऱ्याने त्याचे हात हलते ठेवणे एवढ्याने त्याचे आयुष्य वाढते. उंच काठीला बांधलेला, वाऱ्यात झेपावणारा ससाण्याच्या आकाराचा पतंग स्थिर प्लॅस्टिकच्या घुबडापेक्षा प्रभावी ठरतो, कारण पक्ष्याला भीती आकाराइतकीच हालचालीचीही वाटते. आरसे आणि जुन्या चकत्या टांगण्याबाबत मात्र एक सावधगिरी हवी. विणीच्या काळात शिंजिराचा नर आरशातील आपल्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून त्याच्याशी तासन्‌तास झुंजतो, आणि ज्या काळात त्याने पिल्लांना अन्न पुरवावयाचे त्या काळात त्याची शक्ती निष्फळ खर्ची पडते. म्हणून टांगायच्या वस्तू फिरत्या आणि चुरगळलेल्या पृष्ठाच्या असाव्यात, सपाट आरशाच्या नसाव्यात.

जाळी : सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत जोखमीचा उपाय

पक्षी आणि पीक यांच्यात प्रत्यक्ष अडसर उभा करणारी जाळी हा सवयभावाला बळी न पडणारा उपाय आहे, कारण तो भीतीवर अवलंबून नाही. परंतु शिंजिराच्या दृष्टीने हाच उपाय सर्वाधिक प्राणघातक ठरू शकतो. पोपट आणि साळुंकी यांना रोखणारी, दीड-दोन सेंटिमीटर छिद्राची पातळ नायलॉन जाळी शिंजिराला पुरती अडवत नाही आणि मोकळेही जाऊ देत नाही. त्याचे डोके व पंख तीत शिरतात, तो मागे फिरण्याची धडपड करतो आणि धागा त्याच्याभोवती आवळला जातो. नाशिककरांना याची कल्पना द्यावयास नको, कारण संक्रांतीच्या पतंगोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यासह सर्व जिल्ह्याने नायलॉन मांजाने जखमी झालेले पक्षी पाहिले आहेत, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातलेला तो मांजा व सैल जाळीचा धागा यांची जात एकच आहे.

यावरचा तोडगा इतरत्र कायद्यात उतरला आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवर टाकायच्या जाळीचे छिद्र पूर्ण ताणल्यावरही पाच मिलिमीटर बाय पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असता कामा नये, असा नियम आहे. बोट आत शिरत असेल तर जाळी अयोग्य, ही त्याची सोपी कसोटी तेथे लोकांना सांगितली जाते. नाशिकच्या बागेसाठी यातून निघणारे नियम स्पष्ट आहेत. जाळी बारीक छिद्राची, जाड विणीची आणि सहज दिसणाऱ्या पांढऱ्या किंवा फिक्या रंगाची असावी. ती मांडवाच्या तारांवर घट्ट ताणलेली असावी, वेलीवर सैल टाकलेली नसावी. कडा जमिनीपर्यंत बंद असाव्यात, जेणेकरून पक्षी खालून आत शिरून कोंडला जाणार नाही. लावण्यापूर्वी ओळींत शिंजिराचे घरटे आहे का ते पाहावे. सकाळ-संध्याकाळ फेरी मारून अडकलेला पक्षी कात्रीने धागा कापून सोडवावा. आणि काढणी संपताच जाळी उतरवून गुंडाळून ठेवावी. सगळ्या बागेला अशी जाळी परवडत नसेल, तर केवळ कडेच्या ओळींना आणि आगाप तुकड्याला ती लावावी.

नाशिकचे बागायतदार उन्हापासून आणि मणी गुलाबी पडण्याच्या विकृतीपासून, म्हणजे पिंक बेरीपासून, बचाव म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हा कागद घड डोळ्याआड करतो आणि चोचीलाही अडवतो. त्यात कोणताही पक्षी अडकत नाही, आवाज नाही, विष नाही. मजुरी लागते हे खरे, पण जेथे कागद दुसऱ्या कारणासाठी लागणारच आहे तेथे ही राखण जवळजवळ फुकट मिळते, आणि शिंजिराच्या कसोटीवर याहून निर्मळ उपाय सापडणे कठीण आहे.

रसायने आणि चिकट लेप

मिथाइल अँथ्रॅनिलेट हे ‘कॉन्कर्ड’ जातीच्या द्राक्षाला त्याचा विशिष्ट वास देणारे संयुग माणसाला गोड वाटते, पण पक्ष्यांच्या चोचीतील व डोळ्यांतील संवेदी मज्जातंतूंना ते झोंबते, म्हणून परदेशात ते फळांवर फवारले जाते. त्याचा परिणाम उन्हाने आणि पाण्याने लवकर जातो, आणि ताज्या खाण्याच्या द्राक्षात त्याचा वास राहू शकतो, त्यामुळे निर्यातक्षम मालाला ते सहज जुळत नाही. पक्षी बसू नयेत म्हणून तारांवर व कठड्यांवर लावले जाणारे चिकट लेप मोठ्या पक्ष्याला केवळ अस्वस्थ करतात, पण काही ग्रॅम वजनाच्या पक्ष्याची पिसे एकदा त्यात माखली की त्याचे उडणे आणि ऊब राखणे संपते; शिंजीर असलेल्या जागी त्यांचा वापर समर्थनीय ठरत नाही. दाण्यात विष कालवणे हा तर उपायच नव्हे, कारण विष मेलेल्या पक्ष्याबरोबर घार, कुत्रा आणि मांजर यांच्यापर्यंत पोहोचते.

ज्या रसायनांचा हेतू पक्षी नसतात त्यांचाही विचार येथे करावा लागतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील फ्रेझर खोऱ्यात हमिंगबर्डच्या शरीरात निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशकांचे अंश आढळले आहेत. याच गटातील इमिडाक्लोप्रिड भारतीय शेतीला परिचित आहे. फुलोऱ्यावर असलेल्या बांधाच्या झुडपांवर फवारा उडू न देणे आणि कीड मोजूनच फवारणी करणे यांमुळे शिंजिराचा मधुरसही शुद्ध राहतो आणि त्याच्या पिल्लांचे कोळीही वाचतात.

शिकारी पक्षी आणि बांधावरची झाडे

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात द्राक्षमळ्यांत स्थानिक ससाणे वसवण्यात आले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ससाणा असलेल्या मळ्यांत पक्ष्यांनी तोडलेल्या मण्यांचे प्रमाण ससाणा नसलेल्या मळ्यांपेक्षा सुमारे ९५ टक्क्यांनी कमी होते. नाशिकच्या शिवारात शिक्रा, तुरुमती आणि कापशी घार हे शिकारी पक्षी मुळातच आहेत, म्हणून त्यांना आणावे लागत नाही, केवळ त्यांची घरट्याची जुनी झाडे राखावी लागतात. शिक्रा एखादा लहान पक्षीही टिपतो, पण त्या नैसर्गिक शिकारीने शिंजिराची संख्या खालावत नाही, आणि त्याच्या नुसत्या वावराने थवे बागेत निवांत बसत नाहीत.

झाडांच्या बाबतीत एक पेच आहे. बागेला खेटून असलेले मोठे झाड थव्यांना बैठक देते आणि कडेचे नुकसान वाढवते. पण पळस, पांगारा, काटेसावर आणि उंबर ही झाडे तोडली तर शिंजिराचा मधुरस जातो आणि इतर पक्ष्यांना द्राक्षाखेरीज पर्याय उरत नाही. त्यामुळे अशी मोठी झाडे ओढ्याकाठी, गायरानात आणि बागेपासून दूरच्या बांधावर वाढवावीत, तर बागेजवळ धायटी, जास्वंद यांसारखी थव्याला बसण्याजोगी नसलेली पण शिंजिराला पुरेशी असलेली झुडपे लावावीत, हा मध्यममार्ग दोघांनाही साधतो.

शहरातील बाजू

नाशिक शहरात प्रश्नाचे रूप बदलते आणि पोपटाऐवजी कबूतर उपद्रवी ठरते. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांची चर्चा २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांच्या निमित्ताने न्यायालयांपर्यंत गेली. येथे खाणे घालणे थांबवणे, बसायच्या कठड्यांना उतार देणे आणि सज्जाला जाळी लावणे हे उपाय आहेत. कबुतरांसाठीची साधारण चार-पाच सेंटिमीटर छिद्राची, जाड दोऱ्याची जाळी घट्ट ताणलेली असेल तर शिंजीर तिच्यातून ये-जा करू शकतो. ती सैल पडली, फाटली किंवा तिला बारीक नायलॉनने ठिगळ लावले की तीच सापळा बनते. सज्जातील वेलीवर शिंजिराचे घरटे दिसले तर पिल्ले उडून जाईपर्यंतचे काही आठवडे जाळीचे काम पुढे ढकलणे एवढेच घरमालकाला करावयाचे असते.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. मारणे आणि विष घालणे याबरोबरच फास लावणे, सापळ्यात पकडणे, तसेच वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना बाधा आणणे हेही तीत येते. पूर्वी या अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत पीडक म्हणून कावळ्यासारख्या प्राण्यांची यादी होती. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आली आणि ती स्वतंत्र यादी उरली नाही, पीडक ठरवण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारकडे आहे. शेतकऱ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की पक्ष्याला पिकापासून दूर ठेवण्याचे निरुपद्रवी उपाय आणि पक्ष्याला मारण्याचे वा पकडण्याचे उपाय यांच्यामध्ये कायद्याने रेषा ओढलेली आहे.

निष्कर्ष

वरील सर्व उपाय एकत्र ठेवून पाहिले असता त्यांचा एक क्रम लागतो. आधी खुणांवरून पक्षी ओळखावा आणि रात्रीची वटवाघळे वेगळी काढावीत. मग नुकसानीची जागा आणि काळ निश्चित करून राखण तेवढ्यापुरतीच आखावी. घडांना कागद आणि कडेच्या ओळींना बारीक छिद्राची ताणलेली जाळी हा पाया मानावा. त्यावर चकाकती फीत, हलते बुजगावणे, पतंग आणि आर्त हाक यांचा आलटून-पालटून, थोड्या थोड्या दिवसांसाठी वापर करावा. आणि दूरच्या बांधावरची फुलझाडे व शिक्र्याची झाडे ही कायमची गुंतवणूक समजावी. सैल नायलॉन जाळी, चिकट लेप, सपाट आरसे, विष आणि कार्बाइडचे स्फोट हे या क्रमातून पूर्णतः वगळावेत.

या निवडीसाठी एकच कसोटी पुरेशी आहे: शिवारातील लहानात लहान पक्ष्याला जो उपाय इजा करत नाही, तोच उपाय योग्य. शिंजीर आणि त्याच्याहूनही लहान फुलटोच्या हा पक्षी यांच्या कसोटीला उतरणाऱ्या बागेत घडही सुरक्षित राहतात, कारण या कसोटीने वगळलेल्या उपायांपैकी एकही असा नाही की ज्याच्याविना पीक राखता येत नाही. जाळी विकत घेताना तिच्या छिद्रात बोट घालून पाहणे, एवढी एक कृती प्रत्येक बागायतदाराने येत्या हंगामापासून करावी.